फ्यूज कासमभाईंच्या खिशात

माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मशीनला टेस्टर लावून बघणारा पेशंट एकच भेटला. बाकीचे मशीन बघून घाबरतात, उगाच हसतात, नाहीतर 'शॉक तर नाही ना लागणार मॅडम' असं विचारून मोकळे होतात. कासमभाईंनी काहीच विचारलं नाही. उजवा हात मांडीवर पडलेला होता. त्याच्याकडे न बघता त्यांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला आणि मी चिकटवायला घेतलेल्या पॅडवर टेकवला. दिवा लागला नाही. मग माझी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "मशीन मेलेली हाय." मी सांगितलं, मेलेली नाही, बॅटरीवर चालते, नऊ व्होल्टची आहे, टेस्टरला ती कळत नाही. तर म्हणाले, "नऊ व्होल्टवर रेडिओ चालतो, बाय. माणूस नाय चालत."

त्या दिवसापासून त्या मशीनचं नाव रेडिओ पडलं. क्लिनिकमधली फिलिपिनो नर्ससुद्धा पुढे रेडिओच म्हणायला लागली.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर चिपळूणचं, राहायला आखातात, जुफैरमध्ये अकराव्या मजल्यावर, नोकरी मनामातल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये. स्वभावाने तापट. माझा नवरा म्हणतो, तू पेशंटला व्यायाम देत नाहीस, दम देतेस. खरं आहे ते. पण आमच्या कामात थोडं कडक राहावंच लागतं, नाहीतर माणसं खुर्चीत रेलून मशीनच्या भरवशावर बसतात. 'मशीन आहे ना' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारण ते मशीन एकटं फारसं काही करत नाही. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाचा हात धड असतो, हाड धड, स्नायू धड. मेंदूतून हाताकडे येणारा निरोप तेवढा मध्येच अडतो. आम्ही कोपराखाली पॅड लावतो, त्यातून बारीक करंट जातो, स्नायू ओढला जातो आणि मिटलेली बोटं उघडतात. बघणाऱ्याला जादू वाटते. पण खरं काम पेशंटने करायचं असतं. करंट येईल त्याच क्षणी त्याने स्वतः, मनापासून, जीव खाऊन बोटं उघडायचा प्रयत्न करायचा. दोन्ही एकदम झालं, शेकडो वेळा झालं, तर मेंदूला कधीतरी नवी वाट सापडते. पंचाईत अशी, की आतला हा प्रयत्न बाहेरून दिसत नाही. माणूस करतोय की नुसता बसलाय, हे ओळखायचं कसं?

कासमभाई दापोलीकडचे, खाडीकाठच्या एका लहान गावातले. वय साठीला टेकलेलं, दाढी पांढरी, शर्टाला इस्त्री कडक. मआमीरमध्ये एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ते जळालेल्या मोटरी पुन्हा बांधत. पंपाची मोटर, एसीची मोटर, कारखान्यातली माणसाएवढी मोटर, सगळ्यांची तांब्याची तार काढायची आणि नवी तार वेढा वेढा मोजून भरायची. सलमानियाच्या इस्पितळातून सुटून ते आमच्याकडे आले तेव्हा पाय बऱ्यापैकी सुधारला होता, बोलणं स्वच्छ होतं, फक्त उजवा हात खांद्यापासून गेलेला. मी नेहमीचे प्रश्न विचारले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेत होता का? घेत होते, मग बरं वाटलं म्हणून सोडल्या. मी तोंड उघडणार इतक्यात त्यांनीच मला थांबवलं. "बोलू नको, बाय. मना ठाव हाय. मोटर आपोआप जळत नाय, कोणतरी जाळतो. ही मीच जाळली."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक मोटर घेऊन आला की त्यालाही हेच ऐकवत, असं मला सुभाषने सांगितलं. सुभाष म्हणजे त्याच वर्कशॉपचा ड्रायव्हर, संगमेश्वरचा, कासमभाईंच्या खोलीत पलीकडच्या खाटेवर झोपणारा. पिकअपमधून त्यांना आणायचा, न्यायचा. मालक बरा माणूस होता, पण मोटर बांधणाऱ्या एका हाताच्या वाइंडरला ठेवून तो काय करणार? व्हिसा संपेपर्यंत राहा, उपचार घ्या, मग घरी जा, असं ठरलं होतं. आमच्या हातात अकरा आठवडे होते.

दुसऱ्या आठवड्यात कासमभाईंचं वजन तीन किलोने उतरलेलं दिसलं. मी जेवणाबद्दल विचारलं तर म्हणाले, चांगलं जेवतो. सुभाषने मला बाहेर पॅसेजमध्ये गाठलं आणि खरं सांगितलं. कासमभाई दिवसातून एकदा, तेही खोलीत कोणी नसताना, सुभाषच्या हातून चार घास खात होते. डावा हात ताटाला लावायला तयार नव्हते. त्या हाताने जेवायचं नाही म्हणजे नाही, साठ वर्षं कधी जेवले नव्हते. आणि दुसऱ्याने भरवायचं तर लाज वाटायची. घरी, गावात, बायकोला त्यांनी हाताचं काही सांगितलंच नव्हतं. थोडा अशक्तपणा आहे, एवढंच. व्हिडिओ कॉलवर फोन डाव्या हातात धरून नुसता चेहरा दाखवत.

मी आत जाऊन त्यांच्यावर तापलेच. म्हटलं, जाडजूड दांड्याचा चमचा देते, तो डाव्या हाताने धरा आणि पोटभर जेवा. उपाशी माणसाचा हात सुधारत नसतो. कासमभाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रुकय्यानं तीस वर्षं एकटीनं घर चालवलं. दोन वर्षांतून एकदा मी जायचा, पाटावर बसायचा, ती वाढायची. आता कायमचा चाललोय. तर पहिल्याच दिवशी तिनं मना लेकरासारखा भरवायचा? नाय बाय. माज्या उजव्या हातानं जेवला तरच मी घरी गेलो. नायतर नुसता माल पोचला."

म्हणजे एवढंच हवं होतं त्यांना. मोटरी बांधायच्या नव्हत्या, सही करायची नव्हती. अकरा आठवड्यांनी घरच्या ताटातला भात उजव्या हाताने उचलायचा होता. मी हो म्हटलं. असा शब्द द्यायचा नसतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. तरी दिला.

मग काय, लागलो कामाला. रोज सकाळी नऊला पिकअप यायचा. मी पॅड लावायची, हातात मशीन घ्यायची आणि 'उघडा' म्हणून बटण दाबायची. बोटं उघडायची. करंट बंद, बोटं पुन्हा मिटली. पुन्हा 'उघडा'. एक आठवडा, दोन, तीन. मशीनने उघडणारी बोटं मशीनशिवाय तसूभर हलेनात. आणि मला सगळ्यात जास्त कशाचा राग यायचा माहीत आहे? करंट आला रे आला की हा माणूस भिंतीकडे बघायचा. मी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या बोटांवर डोळे लावलेत, घसा फोडून 'प्रयत्न करा, कासमभाई' सांगतेय, आणि हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं जहाज बघतायत, श्वास धरून, खांदा ढिला सोडून. मी बोलायची. ते 'हो हो' म्हणायचे. इंशाल्ला म्हणायचे. पुढच्या वेळी पुन्हा जहाज.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी मी त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं, 'पेशंट प्रयत्न करत नाही. सहकार्य नाही.' चिडून लिहिलं, पेन दाबून लिहिलं. आमच्याकडे अशा दोन ओळींचा अर्थ सरळ असतो. पुढच्या तपासणीत डॉक्टर त्या वाचतात आणि मशीन दुसऱ्या पेशंटला देतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी लिहिलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट, इथे आठवडा रविवारीच सुरू होतो. पॅड लावले, मशीन हातात घेतलं, सवयीने 'उघडा' म्हटलं आणि बटण दाबलं. त्यांची तर्जनी आणि मधलं बोट टेबलावरून उचललं गेलं. नखभर असेल. पण ते उचलणं वेगळं होतं. मशीनने बोटं एकदम झटक्याने उघडतात, ही थरथरत, वाट शोधत वर आली. आणि कासमभाई जहाजाकडे बघत नव्हते, बोटांकडे बघत होते. मी मशीनकडे पाहिलं. वायर सॉकेटमधून निसटून खाली लोंबत होती. करंट गेलाच नव्हता.

"हे तुम्ही केलंत," मी म्हटलं. "मग रोज का नाही करत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते त्या पहिल्या दिवशीच्या टेस्टरच्या नजरेनेच. "आज वायर सुटलेली होती ना," ते म्हणाले. "मी बघितली."

मला काही उलगडेना. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शिकाऊ मुलाला सांगावं तसं. लाइनमध्ये करंट असताना हात हलवायचा नाही. चुकून कुठे अडकलाच, तर अंग ढिलं सोडायचं, श्वास धरायचा, बंद होईपर्यंत हात आपला नाहीच असं समजायचं. त्यांच्या उस्तादाने सोळाव्या वर्षी थोबाडीत मारून हे शिकवलं होतं. आणि पुढे वर्कशॉपचा कायदा: मोटरीत ज्याचा हात, फ्यूज त्याच्या खिशात. मोठ्या मोटरीवर काम करणारा आधी मेनचा फ्यूज स्वतः काढणार, स्वतःच्या खिशात टाकणार आणि काम संपल्यावर स्वतःच लावणार. मालक आला तरी मागायचा नाही. "माजा हात आत, आणि बटण दुसऱ्याकडे, असा मी चाळीस वर्षांत एकदापण काम केला नाय. इथं बटण तुज्याकडे. तू मुलगी चांगली हायस, बाय. पण हाताला कसा सांगू? तो ऐकत नाय. करंट आला का तो जातो निघून."

मी खुर्चीत बसले. बारा वर्षं हे काम करतेय, आणि समोरच्या माणसाचा हात आयुष्यभर काय काम करत होता हे मी फाइलमध्ये वाचून सोडून दिलं होतं. 'इलेक्ट्रिकल वर्कर', झालं. भित्रा नव्हता तो, आळशीही नव्हता. त्याच्या कामात जी शहाणपणाची गोष्ट, तीच तो इथे इमानाने करत होता, आणि मी त्यावर 'सहकार्य नाही' म्हणून शिक्का मारला होता. मला माझीच लाज वाटली. मी फाइल काढली आणि त्या दोन ओळी त्यांच्यासमोर खोडल्या. मी काय लिहिलं होतं ते त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून वाचून दाखवलं. हसले, म्हणाले, "बरोबर लिहिलं होतंस. फक्त कोणी सहकार्य नाय केला तेवढा लिहायचा राहिला."

त्या मशीनबरोबर एक हातात धरायचा स्विच येतो. लांब वायर, टोकाला घंटीसारखं बटण. पेशंटने स्वतः दाबायचं म्हणून दिलेलं असतं. आम्ही तो कधी वापरत नसू. पेशंट वेळ लावतात, गोंधळ करतात, त्यापेक्षा आपणच दाबलेलं बरं. कपाटातल्या खोक्यातून मी तो शोधून काढला, धूळ पुसली आणि कासमभाईंच्या डाव्या हातात दिला. म्हटलं, हा घ्या फ्यूज.

त्यांनी वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली. बटण दोनदा दाबून सोडून बघितलं. मग खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला. आधी बोटांकडे बघितलं, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावला, आणि मग डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. बोटं उघडली. अंगठा उचलला, थांबले, पुन्हा जोर लावला, पुन्हा दाबलं. मी घड्याळ बघायचं विसरले. नर्सने येऊन सांगितलं, बाहेर तीन पेशंट बसलेत, तेव्हा कुठे आम्ही थांबलो.

तिथून पुढे मला दम द्यायला जागाच उरली नाही. ते व्यायाम मोजायचे ते वेढ्यांत. "आज दोनशे वेढे भरले, बाय." एखाद दिवशी बोटं रुसली की म्हणायचे, "तार तुटली, गाठ मारून पुढं जाऊ." सहाव्या आठवड्यात मनगट मशीनशिवाय उचललं गेलं. सातव्यात कोपर वाकला. आठव्यात आम्ही दंडालाही पॅड लावले आणि हात छातीपर्यंत यायला लागला. आधी स्पंजचे तुकडे उचलले, मग खजूर, मग सुभाषच्या डब्यातला भात. भाताने फार रडवलं. अर्धा टेबलावर, पाव दाढीत. सुभाष शेजारी बसून शितं वेचायचा आणि आम्हा दोघांना हसायचा.

खोटं कशाला सांगू, हात पूर्ण आला नाही. लकव्याच्या हाताला मिटणं सोपं, उघडणं कठीण. कासमभाईंची मूठ वळायची, तोंडापर्यंत यायची, पण तिथे बोटं सुटायची नाहीत. ते आपले दातांनीच मुठीतून भात ओढून घ्यायचे. शेवटच्या दिवशी असे चार घास खाल्ले. मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "हा जेवण नाय, बाय, सर्कस हाय." तरी खूश होते, मला कळत होतं. उठताना त्यांनी स्विचची वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. काम खलास झालं की फ्यूज परत लावायचा, म्हणाले. मला वाटलं, राहू दे तुमच्याकडे, असं म्हणावं. पण स्विच क्लिनिकचा, यादीत नोंदवलेला. मी घेतला आणि खोक्यात ठेवला.

चार दिवसांनी फोनवर त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. दोनच शब्द. "बाय, जेवलो." मागे कोंबडा ओरडत होता. मी तो निरोप नर्सला ऐकवला, डॉक्टरांना ऐकवला, सुभाषला तर दोनदा. नंतर दीड वर्ष प्रत्येक नव्या पेशंटला मी कासमभाईंची गोष्ट सांगत आले. पॅड लावण्याआधी आता मी विचारते, या हाताने आजवर काय काम केलंत? आणि स्विच त्यांच्या हातात देते.

यंदा ईदनंतर दहा-बारा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. रुकय्याभाभी बोलत होत्या. कासमभाई गेले, झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही, असं त्यांनी सांगितलं. माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'रेडिओवाली बाय' म्हणून होता. मला रडू आवरेना, उलट त्याच माझी समजूत घालत राहिल्या. मग मी म्हटलं, भाभी, त्यांनी घरी आल्या आल्या उजव्या हाताने जेवून दाखवलं ना, त्याचंच मला समाधान आहे.

भाभी म्हणाल्या, त्या दिवशी ते आधी जेवले कुठे? ताट वाढलं होतं, बांगड्याचं कालवण आणि भात. हाताचं त्यांना सगळं आधीच कळलं होतं, चार महिने फोनवर नुसता चेहराच दिसतोय, हे बायकोला समजणार नाही का? लाज वाटू नये म्हणून त्या तोंड फिरवून चुलीशी बसल्या होत्या. तर कासमभाईंनी त्यांना बोलावलं, समोर बसायला लावलं. तीस वर्षांत दोघं एका ताटाला कधी बसले नव्हते. उजव्या हाताने घास उचलला, थरथरत पुढे केला, आणि म्हणाले, तोंड उघड.

आपल्या तोंडाशी आणलेला घास दातांनी ओढता येतो. दुसऱ्याला द्यायचा तर हात लांब जायला हवा आणि बोटं उघडायला हवीत. हे आम्ही एकदाही केलं नव्हतं. ते मी शिकवलंच नव्हतं.

"बोटं सुटतच नव्हती," रुकय्याभाभी म्हणाल्या. "मी म्हटला, ऱ्हाऊ दे. ऐकले नाय. त्यांनी हाताकडे टक लावली, आणि डाव्या अंगठ्यानं कायतरी दाबला. असा, हवेतच. मंग बोटं सुटली. अर्धा घास माज्या पदरावर, पण अर्धा तोंडात. त्याच्यामागनं ते जेवले. आणि शेवटपर्यंत रोज असाच. पहिला घास माजा, आणि आधी अंगठा दाबायचे." मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. "तोच विचारायला फोन केला, बाय. ते काय दाबायचे?"

"स्विच, भाभी," मी म्हटलं. "हाताला करंट द्यायचा स्विच होता त्यांच्याकडे."

"पण हातात तर काय नसायचा."

"हो," मी म्हटलं. "नसायचा."